धूमकेतूचं कूळ

पाणी, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेनॉल, फॉर्माल्डिहाइड, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन सायनाइड, चिमूटभर ग्लायसीन आणि भरपूर काळी धूळ. बिस्किटाच्या पुड्यावर घटक पदार्थ छापतात तसे धूमकेतूवर छापायचे ठरवलं, तर यादी साधारण अशी होईल. युरोपीय अवकाश संस्थेचं 'रोझेटा' यान ऑगस्ट २०१४ मध्ये ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेंको या धूमकेतूपाशी पोचलं आणि दोन वर्षं त्याच्यासोबत राहिलं. त्यावरच्या उपकरणानं हुंगलेल्या वायूंचा एकत्र वास कसा असेल, तेही स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सांगून टाकलं: कुजकी अंडी, घोड्यांचा तबेला आणि कडू बदाम.

ही यादी वाचताना माझ्या मनात दोन गोष्टी एकदम येतात. पहिली म्हणजे, इतकं देखणं शेंडेनक्षत्र आणि आत हा असला माल! दुसरी म्हणजे, यातलं बरंचसं माझ्याही अंगात आहे. पाणी आहे, कार्बन आहे, नायट्रोजन आहे, आणि ग्लायसीन तर माझ्या कातडीत, सांध्यांत, हाडांत आहे. ही दुसरी गोष्ट हल्ली फार लोकप्रिय झाली आहे. 'आपण सारे ताऱ्यांच्या धुळीचे' हे वाक्य टी-शर्टवर असतं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असतं, आणि ते ऐकलं की बहुतेकांना बरं वाटतं. मलाही वाटतं. पण या बरं वाटण्यातून नेमकं काय निघतं, हा प्रश्न काही वर्षं माझ्यामागे लागलेला आहे. एखादी गोष्ट कशाची बनली आहे हे कळलं, की ती काय आहे हे कळतं का? आणि तिच्याशी कसं वागावं, हे त्यातून ठरतं का?

*

धूमकेतूची चौकशी आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त केतूंवर एक अख्खा अध्याय आहे. केतू किती, यावर मतभेद आहेत हे तो आधीच प्रांजळपणे सांगतो: कुणी एकशे एक म्हणतात, कुणी हजार, आणि नारदाच्या मते केतू एकच, रूपं मात्र अनेक. मग तो त्यांची वर्गवारी देतो. ही वर्गवारी कुळावरून केलेली आहे. पंचवीस केतू सूर्याचे पुत्र, पंचवीस अग्नीचे, पंचवीस मृत्यूचे, बावीस पृथ्वीचे, तीन चंद्राचे आणि एक ब्रह्मदेवाचा. कोणाचा मुलगा यावरून त्याचा रंग, त्याची दिशा आणि त्याचं फळ. मृत्यूचा पुत्र दिसला तर रोगराई, चंद्राचा दिसला तर सुकाळ.

यानंतर तेरा शतकांनी इटलीत जोव्हान्नी दोनाती यानं १८६४ मध्ये एका धूमकेतूचा प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा वर्णपट पाहिला. त्यात तीन पट्टे दिसले. ते कशाचे, हे १८६८ मध्ये लंडनच्या विल्यम हगिन्सनं ओळखलं. प्रयोगशाळेत कार्बनयुक्त वायूतून विजेची ठिणगी पाडली की जे पट्टे मिळतात, तेच हे. धूमकेतूत कार्बन होता. पृथ्वीवरच्या चुलीत, काजळीत, लाकडात असतो तोच.

विज्ञानाच्या इतिहासात ही मोठी उडी आहे, यात वाद नाही. वराहमिहिराची यादी पडताळून पाहायची सोय नव्हती. हगिन्सची कुणीही पडताळावी. तरी मला या दोन चौकशांमध्ये एक साम्य दिसतं. दोन्हींमध्ये समोरच्याला पहिला प्रश्न एकच विचारलाय: तू कोणाचा, कशाचा? आपल्याकडे नव्या माणसाला आडनाव विचारतात, आडनावावरून नीट बोध झाला नाही तर गाव विचारतात, तेव्हा हाच प्रश्न असतो. उत्तर मिळालं की विचारणारा निश्चिंत होतो. आता त्याच्याशी कसं वागायचं हे त्याला ठाऊक झालेलं असतं.

*

घटक कळल्यावर माणसं काय करतात, याचं एक ठळक उदाहरण १९१० सालचं आहे.

हगिन्सनंच १८८१ मध्ये एका धूमकेतूच्या वर्णपटाचं छायाचित्र घेतलं होतं आणि त्यात सायनोजेन हा विषारी वायू ओळखला होता. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा त्यातही सायनोजेन असल्याचं अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेनं जाहीर केलं. त्यातच १८-१९ मे रोजी पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार असं गणित निघालं. हा वायू वातावरणात मिसळून सगळी जीवसृष्टी संपवेल, असं विधान कामीय फ्लामारियाँ या प्रसिद्ध फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर वृत्तपत्रांत छापून आलं. मग लोकांनी दारांच्या किल्लीची भोकं कागदानं बुजवली. धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या. शेपूट म्हणजे जवळजवळ पोकळीच, तिच्यातून काहीही होणार नाही, असं इतर शास्त्रज्ञ कानीकपाळी ओरडून सांगत होते, आणि झालंही तसंच. पृथ्वी गेली, कोणाला साधा ठसकाही लागला नाही.

आता हीच गोष्ट पुढे कुठे गेली पाहा. जोआन ओरो या कॅटलान-अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९६० मध्ये दाखवलं, की अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड पाण्यात तापवत ठेवलं तर अ‍ॅडेनिन तयार होतं. अ‍ॅडेनिन म्हणजे आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. त्याचं रासायनिक सूत्र पाहिलं तर पाच कार्बन, पाच हायड्रोजन, पाच नायट्रोजन. म्हणजे हिशेबानं हायड्रोजन सायनाइडचे बरोबर पाच रेणू. लगेच पुढच्या वर्षी ओरोनं मांडलं, की आदिम पृथ्वीवर जीवनाचा कच्चा माल धूमकेतूंनी आणून टाकला असेल. १९७० च्या दशकात कोहुतेक धूमकेतूत हायड्रोजन सायनाइड रेडिओ दुर्बिणींनी प्रत्यक्ष पकडलंही. पन्नास वर्षांपूर्वी ज्या कुळातल्या वायूच्या भीतीनं लोक दारं लावून बसले होते, तेच आता आपलं आजोळ ठरू लागलं.

आणि या दोन्हींच्या मधल्या काळात हेच हायड्रोजन सायनाइड 'झायक्लॉन बी' या नावानं डब्यांतून विकलं जात होतं. कपड्यांतल्या उवा आणि गोदामांतली घूस मारण्यासाठी ते होतं. आउश्वित्झमध्ये ते माणसांवर वापरलं गेलं. कोणाला मारायचं हे ज्या विचारानं ठरलं, त्याला १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी कागदावर रूप दिलं होतं. तुमच्या आजी-आजोबांपैकी कितीजण ज्यू, हे मोजायचं आणि त्यावरून तुमच्यात कोणतं रक्त आहे ते सांगायचं. म्हणजे मरणारा कशाचा बनलाय, हाच तिथेही प्रश्न होता.

एकच रेणू. तीन अणूंचा, अगदी साधा. १९१० मध्ये त्याच्या कुळातला वायू जगबुडी होता, १९४० च्या दशकात तो स्वतः खुनाचं हत्यार, १९६० मध्ये जीवनाचं बी. या सगळ्यात त्याची घडण तसूभरही बदलली नाही. त्याच्यात वाईट शोधायला गेलात तर मिळणार नाही आणि मंगल शोधायला गेलात तरी मिळणार नाही. दोन्ही आपण त्याच्यापर्यंत नेतो.

*

शुद्धतेबद्दलही धूमकेतूंनी एक धडा दिलाय. तो मला फार आवडतो.

धूमकेतू म्हणजे सूर्यमाला जन्मली तेव्हाचा, साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा, शीतगृहात ठेवलेला अस्पर्श माल, अशी समजूत होती. दूरच्या थंडगार अंधारात बर्फ आणि ताऱ्यांमधली धूळ गोठून हे गोळे झाले, त्यामुळे त्यांत सूर्याजवळची भेसळ असायचं कारण नाही. 'स्टारडस्ट' हे यान जानेवारी २००४ मध्ये विल्ट-२ या धूमकेतूच्या जवळून गेलं आणि एरोजेल नावाच्या, धुरासारख्या हलक्या पदार्थात त्याची धूळ पकडून जानेवारी २००६ मध्ये पृथ्वीवर परतलं. धूमकेतूची धूळ माणसाच्या हाती आली ती पहिल्यांदा. शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात ऑलिव्हिनचे स्फटिक होते आणि कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमचे असे कण होते, जे हजार अंशांहून जास्त तापमानातच घडतात. म्हणजे सूर्याच्या शेजारी भट्टीत भाजलेले कण कसे कोण जाणे, पार बाहेरच्या गारठ्यात पोचले होते आणि बर्फात मिसळले होते. सूर्यमाला जन्मायच्या आधीची जी धूळ भरपूर सापडेल असं वाटलं होतं, ती फारच थोडी निघाली.

सूर्यमालेतली सर्वांत सोवळी मानलेली वस्तूही अशी मुळातच सरमिसळ निघाली. तिच्या जन्माआधीच सगळं ढवळून झालं होतं.

याच धुळीत ग्लायसीन सापडलं. पण जाहीर करायला २००९ उजाडलं, कारण एक अडचण होती. ग्लायसीन सगळीकडे असतं. यान बनवणाऱ्या माणसांच्या बोटांवर असतं, कुपीच्या प्लॅस्टिकमधूनही येऊ शकतं. धूमकेतूचं ग्लायसीन आणि आपलं ग्लायसीन समोरासमोर ठेवले तर रसायन म्हणून दोघांत काडीचा फरक नाही. मग ओळखायचं कसं? शेवटी त्यातल्या कार्बन अणूंचं वजन पाहिलं. अवकाशातल्या कार्बनमध्ये जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३ चं, प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा जास्त निघालं आणि हे ग्लायसीन बाहेरचं असल्याचं ठरलं.

पाण्याचंही तसंच. पृथ्वीच्या समुद्रात सुमारे ६,४०० साध्या हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असतो. २०११ मध्ये हार्टली-२ धूमकेतूच्या पाण्यात हेच प्रमाण मिळालं आणि आपले समुद्र धूमकेतूंनी भरले असतील, या कल्पनेला जोर आला. २०१४ मध्ये ६७पीच्या पाण्यात ते तिपटीहून अधिक निघालं आणि जोर ओसरला. २०२४ मध्ये त्याच मोजमापांची फेरतपासणी झाली. धुळीच्या कणांमुळे आकडा फुगला होता, खरं प्रमाण समुद्राच्या बरंच जवळ आहे, असं त्यात दिसलं.

या सगळ्यातून मला जे समजतं ते असं. घटकांच्या यादीत सगळे सारखे. वेगळेपण असतं ते कोण कुठून गेला, किती तापला, किती गोठला, यात. पदार्थाला स्वभाव नसतो, प्रवास असतो. माणसांबद्दल हे आपल्याला एरवी कळतंच. दोन भाऊ एकाच घरात वाढतात आणि एकमेकांना अनोळखी होतात, तेव्हा आपण त्यांचं रक्त तपासत नाही, त्यांच्यावर काय काय गुजरलं ते विचारतो.

*

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. शाळेच्या मैदानावर दुर्बिणी लावल्या होत्या, आणि ढग आल्यामुळे व्याख्यान लांबलं होतं. बोलणारे प्राध्यापक छान बोलत होते. २०१६ मध्ये ६७पीवर ग्लायसीनबरोबर फॉस्फरसही सापडला, आपल्या हाडांत असतो तोच, हे त्यांनी सांगितलं आणि शेवट अर्थातच 'आपण सारे एकाच धुळीचे' असा केला. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारायला मागून एक गृहस्थ उठले. पन्नाशीचे असतील.

"सर, एकाच धुळीचे हे पटलं. पण आमच्या गावात मेल्यावर जाळायच्या जागा दोन आहेत. राखेत काय फरक असतो, तेवढं सांगा."

प्राध्यापकांनी टाळाटाळ केली नाही. म्हणाले, "काहीच फरक नसतो. हाडांची राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. सगळ्यांची तीच."

"ते आम्हाला ठाऊकच होतं, सर," गृहस्थ म्हणाले आणि बसले.

त्या 'ठाऊकच होतं'मध्ये माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एकाच मातीचे सारे, हा युक्तिवाद आपल्याकडे दुर्बिणी यायच्या कितीतरी आधीपासून आहे. पंचमहाभूतांचा देह सगळ्यांचा सारखाच, हे संतांनी सांगितलं, कीर्तनकारांनी सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. अमान्य कोणीच केलं नाही. तरी चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या पायरीशी, बाहेरच राहिली, आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी त्या देवळाचं दार उघडायला १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. माहिती शतकानुशतकं होती. दार माहितीनं उघडलं नाही.

ते का उघडत नाही, याचं तात्त्विक कारण डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश विचारवंतानं १८ व्या शतकात सांगून ठेवलंय. 'असं आहे' यापासून 'असं असावं' हे आपोआप निघत नाही. मधली पायरी कुणीतरी घालावी लागते. हे कोरडं वाटत असेल तर धूमकेतूचंच उदाहरण घेऊ. ४ जुलै २००५ रोजी 'डीप इम्पॅक्ट' यानानं सोडलेला सुमारे ३७० किलोंचा ठोकळा टेम्पल-१ या धूमकेतूवर मुद्दाम आदळवला गेला, आतला माल बाहेर पडावा म्हणून. रशियातल्या एका ज्योतिषी बाईंनी विश्वाचा तोल बिघडवल्याबद्दल नासावर खटला भरला, तो टिकला नाही. बाकी कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. म्हणजे तोच कार्बन, तेच पाणी असलेल्या वस्तूला आपण ठोकर मारली आणि ते पाप नव्हतं. मग माणसाला ठोकर मारणं हे पाप असेल, तर त्याचं कारण कार्बन आणि पाणी असू शकत नाही. ते कारण दुसरीकडे कुठेतरी असणार: त्याला लागतं यात, त्याला आठवतं यात, आपल्या बाजूला बसण्याचा त्याचा हक्क आपण मान्य करण्यात.

*

मग घटकांचं ज्ञान काय कामाचं? इथे मला बाबासाहेबांची 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणातली मांडणी उपयोगी पडते. १९३६ मध्ये ते पुस्तकरूपानं छापलं गेलं. जातीमुळे वंश शुद्ध राहतो, असा दावा करणाऱ्यांना ते आधी पुराव्यानं उत्तर देतात: परकीय मिश्रण नाही अशी जात या देशात जवळजवळ नाहीच. पण ते तिथे थांबत नाहीत. समतेकडे येतात तेव्हा, सगळे लोक एकसारखे आहेत असा दावा ते करतच नाहीत. उलट माणसं अनेक बाबतींत असमान असतात हे मान्य करतात. समता ही कल्पित गोष्ट आहे असं कोणी म्हणालं तरी ती कारभाराचं तत्त्व म्हणून स्वीकारायलाच हवी, असं त्यांचं म्हणणं आहे.

या मांडणीत दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगळी ठेवली आहेत. पहिलं काम वस्तुस्थितीचं. शुद्ध रक्त, उच्च बीज, विटाळ या खोट्या सबबी ती काढून घेते. विल्ट-२ च्या धुळीनं सोवळ्या धूमकेतूची कल्पना जशी मोडली, तसंच. दुसरं काम ठरवण्याचं, आणि ते दुसऱ्या कुणाकडून करून घेता येत नाही. निसर्गाकडून नाही, प्रयोगशाळेकडून नाही, ताऱ्यांकडूनही नाही.

'आपण सारे ताऱ्यांची धूळ' हे वाक्य म्हणूनच मला अपुरं वाटतं. ते खोटं नाही. पण ते ऐकून समतेचं काम कुणीतरी वर आकाशात आधीच करून ठेवलंय, आपण फक्त जाणून घ्यायचं, असा भास होतो. आणि समता जर सारखेपणावर उभी केली, तर उद्या कुणी एखादा फरक शोधून काढला की ती डळमळते. फरक तर निघणारच. सारख्या ग्लायसीनमध्येही कार्बनचं वजन वेगळं निघालंच की. ज्याची समता रसायनावर टेकलेली आहे, त्याला प्रत्येक नव्या शोधाची धास्ती बाळगावी लागेल. ज्यानं ती ठरवून स्वीकारली आहे, त्याला कोणताही वर्णपट निर्धास्त पाहता येईल.

डिसेंबर २०२३ मध्ये हॅलेचा धूमकेतू सूर्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला जाऊन परत फिरला. २०६१ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा इकडे असेल. तोवर त्याच्या घटकांची यादी आणखी लांबलेली असेल, त्यात आज आपल्याला ज्यांची नावंही माहीत नाहीत असे रेणू असतील, आणि कदाचित आपल्या समुद्रांचा हिशेबही लागलेला असेल. ती यादी वाचायला मिळालेल्यांचा मला आत्ताच हेवा वाटतो. त्या गृहस्थांच्या गावात तेव्हा जाळायच्या जागा किती असतील, हे मात्र त्या यादीत नसेल. ते गावानं ठरवायचं आहे, आणि त्यासाठी लागणारी सगळी माहिती गावाकडे आजच आहे.